सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलीला थीम पार्कला न्यायचंय. इमॅजिका की वंडरला?

खानापूरची_आई

नमस्कार. आम्ही कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यातले, खानापूर तालुक्यातले. लेक 13 वर्षांची, सेरेब्रल पाल्सी आहे (मेंदूच्या इजेमुळं स्नायूंवर ताबा कमी), डायप्लेजिया म्हणजे मुख्यतः दोन्ही पाय. घरात भिंत धरून फिरते, बाहेर वॉकर, लांब जायचं असेल तर व्हीलचेअर. पायात एएफओ असतात, म्हणजे घोटा आणि पाऊल सरळ धरणारे आधार. फिट्सची गोळी चालू आहे, पण बऱ्याच दिवसांत फिट आलेली नाही. अभ्यासात चांगली आहे आणि तोंड माझ्यापेक्षा चौपट चालतं.

शाळेची ट्रिप गेली, हिला नेलं नाही. "जबाबदारी कोण घेणार" म्हणाले. मैत्रिणी परत आल्या आणि आठवडाभर घरी दुसरा विषय नाही. आता म्हणते, मला पण जायचंय, आणि नुसतं बघायला नाही, बसायला.

माझा भाऊ पुण्याला असतो, तो म्हणतो खोपोलीजवळच्या इमॅजिकाला या, मी गाडी काढतो. मालक म्हणतात बेंगळूरचं वंडरला बरं, आपल्याच राज्यात आहे, तिथं आपलं सर्टिफिकेट चालेल. तिकडं महाराष्ट्रात कन्नड कागद कोण वाचणार? मला खरी भीती वेगळीच आहे. एवढं तिकीट काढून आत जायचं आणि प्रत्येक राइडच्या गेटवरनं परत पाठवलं, तर पोरीचं तोंड मला बघवणार नाही. कुणी नेलंय का असं मूल? पाण्यात उतरवावं का?

सीमेवरचा_पांथस्थ

राग मानू नका ताई, पण एवढा खर्च करून तिला त्रासच होणार. त्यापेक्षा गोकाकचा धबधबा दाखवा, कणेरी मठ दाखवा. व्हीलचेअर ढकलत निवांत बघून होतं.

खानापूरची_आई

कणेरी मठ बघून झालाय दादा. तिला बसायचंय.

उद्यमबाग_फिटर

अक्का, मी सगळं आयुष्य बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत हायड्रॉलिक सिलिंडरच्या कामात घालवलंय आणि माझा डावा पाय गुडघ्याच्या वरनं कृत्रिम आहे. या दोन्हीमुळं या विषयात थोडं बोलायचा हक्क आहे असं समजतो.

पार्कला फोन करून "अपंग मुलगी आहे, चालेल का?" असं विचारू नका. फोनवरचं पोरगं "या की मॅडम" म्हणतंय आणि राइडच्या गेटवरचं पोरगं "सॉरी मॅडम" म्हणतंय. दोघांच्याही हातात काही नसतंय. विचारायचं ते राइडचं नाव घेऊन, आणि दोनच गोष्टी: सीटवर माणसाला धरतंय काय? आणि राइड मधेच बंद पडली तर खाली आणणार कसं?

पहिली गोष्ट बघा. काही राइडमध्ये मांडीवर दांडा येतो. त्याला लॅप बार म्हणतात. नवीन राइडमध्ये या बारच्या मागं बऱ्याचदा हायड्रॉलिक सिलिंडरच असतो. बार खाली दाबला की तेल एका बाजूनं दुसरीकडं जातं, व्हॉल्व्ह त्याला परत येऊ देत नाही, म्हणून बार वर उचलत नाही. एक सिलिंडर दगा देईल म्हणून दुसरा जोडीला ठेवतात. आमच्या शॉपमधल्या प्रेसलापण हेच तत्त्व. पण तो बार धरतो कशाला? मांडीला. म्हणजे मांडी पाहिजे, ती सीटवर सपाट टेकली पाहिजे आणि गुडघे पुढं वाकले पाहिजेत. 2011 ला अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात डॅरियन लेक नावाच्या पार्कात दोन्ही पाय गमावलेला एक माजी सैनिक रोलर कोस्टरवरनं बाहेर फेकला जाऊन गेला. त्या राइडला दोन्ही पाय असणं बंधनकारक होतं, तरी कर्मचाऱ्यांनी बसू दिलं होतं. चांगुलपणानंच दिलं असेल. म्हणून गेटवर नको म्हणणारा माणूस दरवेळी आपला अपमानच करतोय असं धरून चालू नका.

दुसरा प्रकार खांद्यावरनं येणाऱ्या जाड पट्ट्याचा. वंडरलाची रिकॉइल किंवा इमॅजिकाची नायट्रो घ्या. यात डोकं दोन्ही बाजूला आपटतं. मान स्वतः सावरता आली पाहिजे. शिवाय नायट्रो फ्लोअरलेस आहे, पायाखाली फळीच नाही, पाय लोंबकळतात. माझ्यासारख्याचा पाय सॉकेटमध्ये नुसत्या व्हॅक्यूमवर धरलेला असतो. वळणावर जोर आला की तो निसटून खाली कुणाच्या डोक्यात जायचा.

एका पार्कात मला या राइडवाल्यानं सांगितलं, "काका, पाय काढून ठेवा, मग बसा." शेजारच्या राइडवाल्यानं सांगितलं, "पाय घातला असेल तरच बसा." आमची बायको तापली, म्हणाली एकदा ठरवा की ओ काय ते. मी सुपरवायझरला बोलवा म्हटलं. तो शहाणा निघाला. राइड बनवणाऱ्या कंपनीचं पुस्तक घेऊन आला, प्लास्टिकच्या फाइलमध्ये, ग्रीसची बोटं उमटलेलं. त्यात चित्रासकट लिहिलेलं. पहिल्या राइडमध्ये पाय हवेत, म्हणून सुटा भाग नको. दुसऱ्या राइडमध्ये तळव्यानं फळीवर रेटा द्यावा लागतो, म्हणून पाय हवा. दोन्ही पोरं बरोबर होती! पण पोरांना कारण माहीत नव्हतं, नियम तेवढा पाठ होता. म्हणून सांगतो, वाद घालायचा तर पोराशी नको. "सुपरवायझरना बोलवा, कंपनीचं पुस्तक बघूया" एवढंच म्हणायचं.

आता दुसरा प्रश्न, जो कुणी विचारत नाही. वीज गेली किंवा सेन्सरनं राइड थांबवली, तर माणसं वर चढावर अडकतात. तिथं बाजूनं अरुंद लोखंडी जिना असतो, त्यावरनं एकेकाला चालत उतरवतात. बरेच पार्क "स्वतः चालता आलं पाहिजे" असं लिहितात ते याच्यासाठी. बसण्यासाठी चालता येण्याची गरजच नसते, उतरण्यासाठी असते. तुमच्या लेकीला नकार आला तर तो बहुतेक इथंच येईल. म्हणून मेलमध्ये लिहायचं: "मुलगी 13 वर्षांची, वजन इतकं, उंची इतकी, आधाराशिवाय सीटवर ताठ बसते (बसत असेल तरच लिहा), दोन पायऱ्या धरून चढते, जिना उतरू शकत नाही. अशा व्यक्तीला कोणत्या राइड चालतील त्यांची नावं लेखी कळवा." उत्तर आलं की प्रिंट काढून गळ्यात. ज्या राइड जमिनीच्या जवळ किंवा बंद हॉलमध्ये असतात, पडद्यासमोर सीट हलते, बोटीतनं फिरवून आणतात, त्यात हो येण्याची शक्यता जास्त. आणि त्या काही लहान पोरांच्याच नसतात. अंधारात सीट हलली की माझ्यासारख्या बाप्याचीपण बोंब निघते.

आता मालकांच्या मुद्द्यावर. सर्टिफिकेटचं डोक्यातनं काढा. युडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं ओळखपत्र, आहे ना? ते केंद्राचं, अख्ख्या देशात चालतं. 2016 च्या कायद्यात 21 प्रकार आहेत, सेरेब्रल पाल्सी त्यात येते. केवळ अपंग म्हणून नाकारता येत नाही असं तोच कायदा सांगतो, पण सबळ कारण असेल तर सोडतोही. म्हणून कारण लेखी मागायचं. बेळगावच्या बाजूचे लोक आधीच भाषेच्या कागदांनी दमलेत, इथं तरी ती कटकट नाही.

माझं मत पुण्याला. का ते सांगायला बसलो तर अजून एक पान होईल, आधी बाकीचे काय म्हणतात ते बघू.

निपाणीची_मधुराणी

आमच्या मुलाला टाइप 1 मधुमेह आहे, तुमच्यापेक्षा वेगळं, पण खाण्याच्या नियमाचं सांगते. गेटवर बाहेरचं खाणं काढून घेतात. आमचा ग्लुकोज पावडरचा डबा, पराठे, सगळं बाहेर काढायला लावलं होतं. डॉक्टरांच्या लेटरहेडवर "औषधाच्या वेळेनुसार खाणं सोबत असणं गरजेचं" असं इंग्रजीत लिहून घेतलं की सोडतात. फिट्सच्या गोळीसाठी पण तेच करा, गोळ्या मूळ पाकिटात ठेवा, डबीत सुट्या नकोत.

मधुमेहाची मुलं असतील त्यांच्यासाठी अजून थोडं. इन्सुलिन आणि स्ट्रिप्स गाडीत ठेवायच्या नाहीत आणि उन्हातल्या लॉकरमध्येही नाहीत. दिवसभर चालणं आणि ऊन यामुळं शुगर पटकन उतरते. 70 च्या खाली आली की तीन चमचे साखर पाण्यातनं द्यायची आणि 15 मिनिटांनी परत तपासायचं. माझ्या सासूबाई कुंदा भरून देतात, "गोडच आहे की" म्हणतात. कुंद्यात खवा नि तूप, त्यानं साखर चढायला उशीर लागतो. कुंदा येताना गाडीत खायचा.

फिजिओ_शहापूर

मी बेळगावात मुलांसोबत काम करते. फिटरकाकांनी सीटचं फार छान सांगितलंय, मी शरीराच्या बाजूनं भर घालते. पण तुमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही करू नका.

सेरेब्रल पाल्सीच्या मुलांमध्ये खुबा थोडा सरकलेला असणं नेहमीचं आहे, आणि मुलाला दुखत नसेल तर घरच्यांना पत्ताही नसतो. हिसक्याच्या राइडआधी खुब्याचा अलीकडचा एक्स-रे आहे का बघा. नसेल तर हाडांच्या डॉक्टरांना "रोलर कोस्टर" असा शब्द वापरूनच विचारा. "फिरायला जातोय" म्हटलं की ते "जा की" म्हणतात. (डाउन सिंड्रोमची मुलं असलेल्यांनीही हेच करा, त्यांच्यात काहींच्या मानेचा वरचा सांधा सैल असतो.)

फिट्सबद्दल. लोकांना भीती असते ती चमकणाऱ्या दिव्यांची. फिट्स असलेल्या 100 जणांत साधारण 3 जणांनाच प्रकाशाचा त्रास असतो. तिला तो आहे का ते ईईजीच्या (मेंदूच्या विद्युत लहरींची तपासणी) रिपोर्टवरून न्यूरोलॉजिस्ट सांगतील. असलाच आणि अचानक दिवे चमकायला लागले, तर डोळे मिटू नका, पापणीतूनही प्रकाश जातो. तळव्याने एक डोळा पूर्ण झाकायचा आणि तोंड फिरवायचं. हे तिला घरी करून दाखवा.

दिव्यांपेक्षा मोठा धोका म्हणजे झोपमोड आणि चुकलेली गोळी. रात्रभर गाडीत बसून सकाळी थेट पार्कात, हे फिट्सच्या मुलांसाठी सगळ्यात वाईट. म्हणून मी पण पुण्याच्या बाजूने. मामाच्या घरी एक रात्र पूर्ण झोप, सकाळची गोळी वेळेवर, मग पार्क. डॉक्टरांनी फिट थांबवायला नाकात मारायचा स्प्रे दिला असेल तर तो बॅगेत नको, तुमच्या कमरेच्या पाऊचमध्ये हवा.

पाण्यात उतरवा, पण लाइफ जॅकेट घालून आणि एक मोठं माणूस हाताच्या अंतरावर ठेवून, ज्याच्याकडे दुसरं काहीही काम नसेल. फोटो काढणारा माणूस वेगळा. गार पाण्यात स्नायू आणखी आखडतात, तर थोड्या थोड्या वेळाने बाहेर काढून अंग पुसा. एएफओ काढायचे, पण पाय तसेच खरखरीत फरशीवर टाकू नका, मोज्यासारखे पाण्यातले बूट मिळतात ते घाला. स्लाइडवर नको, तिथं वर जायला जिनाच असतो आणि खाली येताना पाय एकमेकांत अडकतात. लाटांच्या तळ्याच्या उथळ कडेला बसली तरी खूश होईल.

कॅम्पातली_मावशी

माझी मुलगी फ्लोरिडात असते, नातवाला ऑटिझम आहे. तिथं डिस्नेत या मुलांना रांगेत उभं करत नाहीत. आधी व्हिडिओ कॉलवर बोलून नोंद करायची, मग प्रत्येक राइडची वेळ मिळते, तोवर बाहेर गार जागी बसायचं. 2024 पासून नियम कडक केलेत, मुख्यतः ऑटिझमसारख्या मुलांनाच मिळतं. पाय दुखतात म्हणून मी विचारलं तर मला म्हणाले व्हीलचेअर घ्या! म्हणजे अमेरिकेतही सगळ्यांना सगळं मिळत नाही. आपल्याकडं रांगेचं काय करतात फिटरसाहेब?

उद्यमबाग_फिटर

मावशी, आपल्याकडं पैसे जास्त टाकले की जलद रांग मिळते, ती अपंगांसाठी नव्हे, पैसेवाल्यांसाठी असते. व्हीलचेअर बघून पोरं बाहेर पडायच्या दारानं आत घेतात, पण ते त्या पोराच्या मनावर. मेलमध्ये हाही प्रश्न टाका: "व्हीलचेअरला एक्झिटमधून प्रवेश आहे का?"

गर्दी टाळायची एक युक्ती मात्र आपल्या सीमाभागाकडंच आहे. आपल्या शाळांना कर्नाटकाप्रमाणे दसऱ्याची सुट्टी लागते. महाराष्ट्रात सहामाही सुट्टी दिवाळीला. म्हणजे आपली पोरं ऑक्टोबरात मोकळी, आणि पुण्यामुंबईची पोरं तेव्हा वर्गात. दसऱ्याच्या सुट्टीतला मंगळवार-बुधवार बघा, शनिवार-रविवार आणि खुद्द दसरा सोडून. जून ते सप्टेंबर खोपोलीकडं पाऊस असा कोसळतो की बाहेरच्या राइड बंदच राहतात. मे महिन्यात माझ्या सॉकेटमध्ये घामाचं तळं होतंय, एएफओमध्येपण होणार. सुती मोजे जादा घ्या, दुपारी एकदा बदला, घोट्यापाशी लाल वळ उठलाय का बघा.

आणखी एक फरक. वंडरलात जमिनीवरच्या आणि पाण्याच्या राइड एकाच तिकिटात येतात, म्हणून माणूस पैसे वसूल करायला दिवसभर पळतो. इमॅजिकात पाण्याचं पार्क वेगळं, तिकीट वेगळं. तिच्यासारखीला पहिल्या खेपेला एकच घ्या. भिजलं की एएफओ काढा, पुसा, परत घाला, कपडे बदला, अर्धा दिवस तिथंच जातोय. पाण्याची हौस भावाच्या ओळखीच्या एखाद्या पोहण्याच्या उथळ तलावात भागवता येईल.

गाडीचं म्हणाल तर हुबळी-पुणे वंदे भारत बेळगाववरनं जाते, बसून झटक्यात जाता येतं, पण तिला सवलत नाही. साध्या एक्स्प्रेसला स्लीपर किंवा थ्री एसीत तिला आणि सोबतच्या एकाला 75 टक्के सवलत बसते, त्याला रेल्वेचा वेगळा दाखला लागतो. तो काढायला वेळ जातो, आजच अर्ज टाका.

खानापूरची_आई

सगळ्यांचे आभार. काल रात्री लेकीला शेजारी बसवून हे सगळं वाचून दाखवलं. मेल तिनंच टाइप केला, मी फक्त वजन-उंची मोजून दिली. "जिना उतरू शकत नाही" हे वाक्य मी हळूच गाळत होते, तर म्हणाली, "लिही की, नाहीतर वर अडकल्यावर काय पंख काढू?" एक्स-रे साठी मंगळवारी बेळगावला जातोय. मालक पुण्याला तयार झालेत, मात्र कुंदा भावाला न्यायचाच म्हणतात.

काका, एकच विचारते. वॉकरची रबरं झिजून एका बाजूनं तिरकी झालीत. पार्कात फरशी ओली असते म्हणतात.

उद्यमबाग_फिटर

चारी एकदम बदला, एकच बदललं तर वॉकर डुगडुगतो. सर्जिकलच्या दुकानात जाताना जुनं बूच खिशात न्या, पाइपचं माप तोंडी सांगू नका, दिसायला सारखीच असतात आणि घरी येऊन बसत नाहीत. आत तळाशी लोखंडी वॉशर आहे का बोट घालून बघा. वॉशर नसलेलं बूच पाइप कापून खाली येतंय, आणि मग फरशीवर नुसता पाइप टेकतो. नवीन बसवल्यावर घरात दोन-तीन दिवस वापरू दे, मग प्रवासाला. जादा दोन बॅगेत टाका.

पार्ककडनं मेलचं उत्तर आलं की इथं टाका, राइडची नावं बघून कोणती कशी धरते ते सांगतो.